मालवणची होडी की अंदमानची बोट?

नागपूरकराला समुद्र कोणत्याही बाजूने दूरच असल्यामुळे, माहीतगार वाटाड्यासोबत बेटांवर जाऊन निवांत पोहायचे ठरवल्यास मालवण आणि अंदमान यांतील निवड केवळ अंतर मोजून करता येत नाही.

रेल्वेने कुडाळ गाठून पुढे रस्त्याने मालवणला जाता येते आणि खर्चही आटोक्यात राहतो. देवबागजवळ कर्ली नदी समुद्राला मिळते, तेथील वाळूच्या बेटाभोवती उथळ पाण्यात डुंबता येते; परंतु ओहोटी लागली की खाडीच्या मुखाशी ओढ वाढते आणि जलतरण तलावात पोहायला शिकलेल्या आपल्यासारख्यांचे पाय नकळत सरकू लागतात, म्हणून होडीवाल्याने आखून दिलेली हद्द ओलांडू नये. पावसाळ्यात हा पर्याय बादच समजावा.

अंदमानला विमान बहुधा चेन्नई किंवा कोलकात्याला बदलावे लागते, त्यामुळे खर्च बराच वाढतो. मात्र वंडूरहून जॉली बॉय बेटावर जाणारी बोट १९८३ मध्ये स्थापन झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानात नेते, जिथे काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ दिसतात आणि किनाऱ्यालगतच्या नितळ पाण्यात स्वतःची बोटेही मोजता येतात. तेथे प्लास्टिकवर कडक निर्बंध आहेत. संत्राबर्फी न्यायची असल्यास घरूनच स्टीलच्या डब्यात भरावी.

पोहणे हाच हेतू असेल तर माझा कौल अंदमानला आहे. आजी-आजोबा सोबत असतील आणि सिंधुदुर्ग किल्लाही दाखवायचा असेल, तर मी मालवणचेच तिकीट काढीन.