आयएफकॉम्प की एक्सवायझेडझेडवाय?

ठाणे-वाशी लोकलमध्ये ऐरोलीला खिडकी मिळाली की माझी भाची फोनवर आपला गोष्टीचा गेम लिहीत बसते. इंग्रजीत. परवा विचारलं, "मामा, पाठवू कुठे?"

आयएफकॉम्प ही इंटरॅक्टिव्ह फिक्शनची, म्हणजे अशाच वाचत खेळायच्या गोष्टींच्या गेमची स्पर्धा, १९९५ पासून दरवर्षी होते. गेम लेखकानेच दाखल करायचा, आणि तो आधी कुठेही प्रसिद्ध झालेला नको. परीक्षक कुणीही होऊ शकतं. किमान पाच गेम खेळून १ ते १० गुण द्यायचे. मेख अशी की गुण पहिल्या दोन तासांच्या खेळावरच. हिच्या गोष्टीतली आजी तोंड उघडते तीच तिसऱ्या तासाला! (ज्या गेमवर परीक्षकांत सर्वांत जास्त मतभेद, त्यालाही इथे 'गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड' नावाचं बक्षीस मिळतं. हे मला फार आवडतं.)

एक्सवायझेडझेडवाय हे याच प्रकारच्या गेमचे वार्षिक पुरस्कार, १९९६ च्या गेमपासूनचे. आधी नामांकनं, मग अंतिम मतदान. कथेचा पुरस्कार वेगळा, लेखनाचा वेगळा, कोड्यांचा वेगळा. एखाद्या एकट्या पात्रालाही मिळतो. आजीसाठी जागा खरी तिथेच. पण आधी गेम लोकांनी खेळायला हवा, नाहीतर नाव सुचवणार कोण?

मी म्हटलं, आधी आयएफकॉम्प.

"म्हणजे आजीला लवकर बोलतं करू?"

तोवर वाशी आलं.