विवाहपूर्व मार्गदर्शन वर्ग : सहा सत्रांनंतरचा अभिप्राय

लग्न ठरलेल्या जोडप्यांसाठी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहा सत्रांचा मार्गदर्शन वर्ग चालतो आणि तो पूर्ण केल्याची सही असल्याशिवाय पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, विवाहविधीची तारीख देत नाहीत. आम्ही दोघे त्या सहीसाठीच गेलो होतो, हे आधी कबूल करतो. सहाही सत्रे संपल्यावर माझे मत असे झाले आहे की, हा वर्ग पैशाविषयी बोलतो तेव्हा अतिशय प्रामाणिक असतो, आणि बदलत्या नीतीविषयी बोलू लागला की घाबरतो.

पैशाच्या सत्राची सुरुवात बायबलमधील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाने झाली. चौथ्या वचनात लग्नाचा मान राखायला सांगितले आहे आणि लगेच पाचव्या वचनात द्रव्यलोभापासून दूर राहून आहे त्यात समाधान मानायला. ही दोन्ही वचने मी अनेकदा ऐकली होती, पण एक लग्नात आणि दुसरे दानाच्या रविवारी. ती एकमेकांना लागून आहेत हे कधी लक्षातच आले नव्हते. त्यानंतर प्रत्येक जोडप्याला पाठीला पाठ लावून बसवले आणि आपल्यावर किती कर्ज आहे व पहिल्या वर्षी घरात कोणत्या वस्तू लागतील हे वेगवेगळ्या कागदांवर लिहायला लावले. मी कर्जाचा आकडा आधी थोडा कमी लिहिला आणि मग खोडून खरा लिहिला. वस्तूंच्या माझ्या यादीत एकतीस ओळी होत्या, तिच्या यादीत चौदा. केवळ लोक काय म्हणतील म्हणून लिहिलेल्या वस्तूंवर रेघ मारायची असे सांगितल्यावर तिने माझ्या कागदावरच्या मोठ्या सोफ्यावर बोट ठेवले आणि विचारले, ‘‘इतके पाहुणे येणार तरी कोण आहेत रे?’’ वर्ग चालवणारे वयस्कर दांपत्य हसले नाही, उपदेशही केला नाही, आणि तेच मला आवडले.

साधेपणाच्या सत्रात एकाने अवघड प्रश्न काढला. काना येथील लग्नात येशूने दगडी रांजणांतील पाण्याचा द्राक्षारस केला; ते रांजण सहा होते आणि प्रत्येकात आजच्या मापाने पाऊणशे लिटरहून कमी पाणी मावत नसावे. म्हणजे निदान साडेचारशे लिटर! मग साध्या लग्नाचा आग्रह कशासाठी? यावर वर्ग चालवणाऱ्या दांपत्यातील बाईंनी दिलेले उत्तर असे की, तिथे यजमानाची लाज राखली गेली, पण श्रेय मिरवले गेले नाही. रस कुठून आला हे भोजनप्रमुखालासुद्धा ठाऊक नव्हते, सेवकांना मात्र होते. लग्नासाठी कर्ज काढणाऱ्यांनी नेमके उलट केलेले असते, कारण तिथे सर्वांना दिसावे म्हणूनच खर्च होतो.

नीतीवरील सत्र मात्र निराशाजनक होते. पूर्वी सगळे ठीक होते आणि आता बिघडले, एवढ्याच सुरात दोन तास गेले. वस्तुतः मंडळीचाही विचार बदलत आलेला आहे. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) बिशपांच्या लँबेथ परिषदेने 1920 मध्ये संततिनियमनाच्या कृत्रिम साधनांविरुद्ध इशारा दिला आणि 1930 मध्ये त्याच परिषदेने मर्यादित परिस्थितीत ती मान्य केली. त्याच वर्षाच्या 31 डिसेंबरला पोप अकरावे पायस यांनी परिपत्रक काढून ती निषिद्धच ठरवली. घटस्फोटाच्या मनाईला मार्काच्या शुभवर्तमानात अपवाद दिसत नाही, मत्तयाच्या शुभवर्तमानात दिसतो. हे सगळे मांडून मग आपली भूमिका सांगितली असती तर ती अधिक भक्कम वाटली असती. विवाहाआधीच एकत्र राहणारे एक जोडपे आमच्याच वर्गात होते; त्यांच्या वाट्याला फक्त ‘पाप’ हा एक शब्द आला आणि पुढची दोन सत्रे ते दोघे गप्प बसून राहिले. पापाला पाप म्हणू नये असे माझे म्हणणे नाही, पण ज्यांना लग्न करायचे आहे म्हणून जे दारात आले आहेत त्यांना आत घेऊन बोलायला हवे होते.

सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेवरही काम करायला हवे. मिळकतीच्या तक्त्यात पतीचा रकाना वर आणि पत्नीचा ‘असल्यास’ या शब्दासह खाली आहे. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातील, पत्नीने पतीच्या अधीन असावे असे सांगणारे बाविसावे वचन ठळक छापले आहे, पण परस्परांच्या अधीन असावे असे सांगणारे एकविसावे वचन गाळले आहे. सर्वांत जुन्या काही ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या वचनाला स्वतःचे क्रियापदही नाही. ते एकविसाव्यातूनच घ्यावे लागते. मी हे विचारले तेव्हा पाळकसाहेबांनी वहीत टिपून घेतले, एवढे श्रेय त्यांना द्यायला हवे.

बसण्याची सोय अपुरी आहे. खुर्च्या इतक्या जवळ मांडलेल्या असतात की शेजारच्यांचे कर्ज आपोआप ऐकू येते, त्यामुळे पैशाच्या सत्राला लवकर पोहोचून कोपऱ्यातली जागा धरावी. आम्हाला सही मिळाली आहे. यादीचा कागद तिच्याकडे असून सोफ्यावरची पेन्सिलची रेघ तिने नंतर शाईने गडद केली आहे.