निकॉन डी७२००: दीड लाख क्लिकनंतर

फोंड्याची लग्नं, म्हार्दोळची जत्रा, पणजीचा शिगमो, सगळे फोटो याच कॅमेऱ्याच्या बॉडीवर (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) काढले. मॉडेल २०१५चं, शटरची (उजेड आत सोडणाऱ्या पडद्यांची) चाचणी कंपनीनं दीड लाख क्लिकपर्यंत केलेली. माझा आकडा (फोटोच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फाइलसोबत साठणाऱ्या माहितीत दिसतो) त्यापुढे गेलाय, शटर अजून खणखणीत. दीड लाख म्हणजे काही एक्सपायरी डेट नव्हे! वेगवान शटरला फोटोच्या कडेला काळा पट्टा येऊ लागला, उजेड असमान पडला, की समजा पडदे थकले. तेव्हाही आधी शटर बदलायचा खर्च विचारा. सेकंडहँड बॉडीच्या निम्म्याहून जास्त सांगितला तरच दुसरी बघा. गोव्याच्या पावसात मला धास्ती लेन्सवरच्या बुरशीचीच जास्त. पुढची घेतलीच तर निकॉनचीच झेड८, तिला यांत्रिक शटरच नाही. किमतीचं घरी अजून बोललेलो नाही.