'स्वर्गातील धन' शिकवायला मराठी पवित्र शास्त्र (आर. व्ही.) कसे आहे?

पृथ्वीवरची संपत्ती आणि स्वर्गातले प्रतिफळ हा विषय उपासनेत किंवा घरगुती प्रार्थनासभेत घ्यायचा, तर हातात कोणते भाषांतर आहे याने मोठा फरक पडतो. बायबल सोसायटी ऑफ इंडियाची आर. व्ही. (रिव्हाइज्ड व्हर्जन) ही बायबलची मराठी आवृत्ती भाषा जुनी म्हणून तरुण मंडळी बाजूला ठेवतात. निदान या विषयापुरते तसे करू नका.

मत्तय 6:2 उघडा. लोकांनी वाहवा करावी म्हणून दान करणारे 'आपले प्रतिफळ भरून पावले आहेत', असे इथे छापले आहे. मूळ ग्रीक शब्द 'अपेखो'. त्या काळच्या पावत्यांवर रक्कम पुरती मिळाल्याचे लिहून देताना तोच वापरत. 'भरून पावलो' हेही आपल्या पावतीतलेच बोल. म्हणजे हिशेब चुकता झाला, आता देवाकडे येणे काही उरले नाही. नुसते 'त्यांना प्रतिफळ मिळाले' म्हटले की ही धार जाते.

19वे वचन पृथ्वीवर संपत्ती साठवू नका असे सांगते; त्यातली 'कसर' मराठी घरात कोणालाही समजावून सांगावी लागत नाही. ट्रंकेत जपून ठेवलेल्या शालूला लागते तीच. 'चोर घर फोडून' हेही नेमके आहे. मूळ क्रियापद खणून आरपार जाण्याचे, कारण तिकडच्या साध्या घरांच्या भिंती मातीच्या असत. 'जंग' (म्हणजे गंज) या शब्दावर मात्र थोडे थांबा. मूळचा 'ब्रोसिस' म्हणजे 'खाणे'. याकोब 5:3 मध्ये गंजासाठी वेगळाच शब्द आहे. त्यामुळे काही अभ्यासक इथे साठवलेले धान्य फस्त करणारी कीड धरतात. आर. व्ही.ने 'खाऊन' ठेवले आहे, तेवढा धागा हाती राहतो. आणखी एक बारकावा: साठवू 'नका' असे सगळ्यांना सांगून 21व्या वचनात येशू एकदम 'जेथे तुझे धन आहे' असा एकेकाकडे वळतो. ग्रीकमध्येही तसेच एकवचन आहे. लूक 12:34 मध्ये मात्र 'तुमचे' आहे. दोन्ही वचने लागोपाठ मोठ्याने वाचा, फरक कानाला कळतो.

खरी उणीव 'धन' या शब्दात आहे. 19व्या वचनातली 'संपत्ती' आणि 21व्यातले 'धन' मुळात एकच शब्द आहे, 'थेसाउरोस'. उलट 24व्या वचनात देवाच्या विरुद्ध उभे केलेले 'धन' म्हणजे 'मामोना', धनी होऊन बसलेला पैसा. मराठीत एक शब्द दोन झाला आणि दोन शब्द एक झाले. शिकवणाऱ्याने हे आधी सांगितले नाही, तर स्वर्गातले धन आणि माणसाला दास करणारे धन यांची ऐकणाऱ्याच्या मनात गल्लत होते.

चार बैठका पुरतात. पहिलीत मत्तय 6:1-4 आणि 19-24. दुसरीत लूक 12:13-34. सुरुवात भावाभावांच्या वाटणीच्या तक्रारीने होते, त्यामुळे गावाकडची माणसे लगेच बोलू लागतात. तिसरीत 1 तीमथ्य 6:6-10 व 17-19. इथे श्रीमंतांना श्रीमंती टाका असे सांगितलेले नाही. चंचल धनावर आशा ठेवू नका आणि हात सैल सोडा, असे सांगितले आहे. चौथी बैठक 1 करिंथ 3:10-15 साठी राखा आणि ती गाळू नका. ज्याचे काम अग्नीत जळते त्याचा तोटा होतो, तरी तो स्वतः तारला जातो, असे तिथे स्पष्ट आहे. हे सुटले की लोक दशांशाला, म्हणजे देवाला दिलेल्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाला, तारणाची किंमत समजू लागतात, किंवा देवाला शंभर दिले की हजार परत येतात असे मानतात. तारण कृपेने मिळते, प्रतिफळ कामाचे; ही दोन खाती वेगळी ठेवायला हाच उतारा लागतो.

छापील प्रतीचा कागद पातळ असतो. जेल पेनची शाई पलीकडे उतरते, म्हणून पेन्सिलच वापरा. अक्षर बारीक वाटत असेल तर यूव्हर्जन या बायबल अ‍ॅपवर हेच भाषांतर मोठ्या अक्षरात वाचता येते, दुसऱ्या भाषांतराशी ताडूनही पाहता येते. फक्त 24वे वचन ताडताना 'धन'च्या जागी तिथे काय आहे ते नक्की बघा.