सात इंची की बारा इंची?

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या भाच्याला वॉशिंग्टनच्या डिस्कॉर्डची, म्हणजे १९८० साली मित्रांनी आपल्याच बँडची तबकडी काढण्यासाठी सुरू केलेल्या, पंक या वेगवान, रांगड्या रॉक संगीताच्या रेकॉर्ड कंपनीची, एक तबकडी मागवायची आहे. पण सात इंची घ्यावी की बारा इंची, यावर त्याचे अडले आहे. ‘रंगीत’, ‘मर्यादित प्रती’ ही विशेषणे मी विचारात घेतलेली नाहीत.

सात इंची तबकडी जेमतेम ४० ग्रॅमची, तर बारा इंची १४० ते १८० ग्रॅमची असते, त्यामुळे परदेशी टपालखर्चात पहिली सरस ठरते. मात्र मिनिटामागे हिशेब केला तर ती महागच पडते.

आवाजाचा मुद्दा अधिक गुंतागुंतीचा आहे. सात इंचीच्या मिनिटाला ४५ फेऱ्यांमुळे खाच सुईखालून वेगाने सरकते आणि झांजांचा तीक्ष्णपणा नीट उमटतो, परंतु एका बाजूवर सुमारे पाचच मिनिटे मावतात. दीड-दोन मिनिटांच्या पंक गाण्यांना तेवढी पुरतात, हे खरे. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंचीवर एका बाजूला वीसेक मिनिटे मिळतात, पण मध्याकडची शेवटची गाणी किंचित भरडल्यासारखी वाजतात.

माळव्यातल्या मे महिन्याच्या उन्हात दोन्ही वाकतात. त्या उभ्याच ठेवाव्यात.

दर पाच मिनिटांनी उठायची हौस असणाऱ्याने, किंवा ज्याला बँडची पहिलीवहिली गाणीच हवी आहेत त्याने, सात इंची घ्यावी. भाचा अभ्यास करताना ऐकतो. त्याने बारा इंचीच मागवावी.