बाथरूमचा शॉवर बसवताना आम्ही फसलो, तुम्ही भिंत बंद करायच्या आधी बघा

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. आईचे गुडघे धरलेत, वाकून तांब्याने पाणी घेणं तिला जमेना म्हणून बाथरूम फोडून शॉवर करायचा ठरवला. ओळखीतनंच प्लंबर मिळाला, म्हणला दादा मिक्सर, डायव्हर्टर (पाणी नळाला सोडायचं की शॉवरला ते ठरवणारा भिंतीतला व्हॉल्व्ह), मोठा रेन शॉवर सगळं मीच आणतो, एक नंबर कंपनीचा माल, बिल नको घेऊ, 18 टक्के जीएसटी वाचतोय तुमचा. सामानाचे 14 हजार रोख दिले. बॉक्सवर कंपनीचं नाव बघितलं आणि विश्वास ठेवला.

पहिल्याच दिवशी पाणी नुसतं ठिबकतंय. गच्चीवरची टाकी शॉवरपासून जेमतेम सात फूट म्हणजे दोनेक मीटर वर, म्हणजे प्रेशर पाव बारसुद्धा नाही (बार हे प्रेशर मोजायचं माप), कारण एक बार मिळायला दहा मीटर उंची लागते. एवढा मोठा शॉवर त्यावर चालणारच नव्हता आणि हे त्याला माल आणायच्या आधीच माहीत असणार ना? वर म्हणला आता प्रेशर पंप बसवा. त्याचे परत 9 हजार.

पंप लावला आणि दोन महिन्यांत शेजारच्या खोलीच्या भिंतीला ओल आली. टाइल्स फोडल्या तर गिझरच्या गरम पाण्याच्या लाइनला पांढरा साधा यूपीव्हीसी पाइप! गरम पाण्याला सीपीव्हीसीच लागतो, तो 93 डिग्रीपर्यंत टिकतो, साधा पाइप मऊ पडतो आणि जॉइंट सोडतो. पैसे मात्र सीपीव्हीसीचे घेतलेले. डायव्हर्टर घेऊन कंपनीच्या सर्व्हिसवाल्याकडे गेलो तर म्हणला हा आमचा मालच नाही, डुप्लिकेट आहे, आतली बॉडी पितळेची नाहीच. बिल नाही, वॉरंटी कार्ड नाही, प्लंबर फोन उचलत नाही.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की टाइल्स लावायच्या आदल्या दिवशी मी विचारलेलं, पाइपला प्रेशर देऊन टेस्ट करायची का, तर म्हणला फरशीवाला उद्या सकाळीच येतोय, वेळ नाही. तिथंच काम थांबवायला पाहिजे होतं. तुम्ही थांबवा. रात्रभर प्रेशर ठेवून बघा, पाइपवर काय छापलंय ते स्वतः वाचा, भिंत उघडी असताना फोटो काढा, आणि माल स्वतः दुकानात जाऊन पक्क्या बिलावरच घ्या, जीएसटी गेला तर जाऊदे.

ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन केलाय, पण हातात कागदच नाही त्यामुळं पुढं काय होतंय बघू. भिंत अजून उघडीच आहे आणि आई तशीच वाकून तांब्याने अंघोळ करतीय.