आनुवंशिक फुप्फुसविकार : गोळी, जनुकाची भर की जनुकाची दुरुस्ती?

सिस्टिक फायब्रोसिस किंवा अल्फा-१ अँटिट्रिप्सिनची कमतरता यांसारख्या आनुवंशिक फुप्फुसविकाराचे निदान झालेल्या माणसापुढे, आणि रुग्ण लहान असेल तर त्याच्या आईवडिलांपुढे, आज एक अवघड प्रश्न उभा राहतो : उपलब्ध औषध घेत राहावे, की जनुकीय उपचाराच्या एखाद्या चाचणीत सहभागी व्हावे? या प्रश्नाचे सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. मात्र पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर निवड मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते असे माझे मत झाले आहे. दोष ज्या पेशीत आहे त्या पेशीपर्यंत उपचार खरोखर पोहोचतो का, ही पहिली. आणि आज घेतलेला निर्णय पुढे बदलता येतो का, ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेक वेळा फार उशिरा लक्ष जाते.

सिस्टिक फायब्रोसिस : गोळ्या काय साधतात

या विकाराचे जनुक, म्हणजे सातव्या गुणसूत्रावरील सीएफटीआर, १९८९ मध्ये सापडले. या जनुकापासून १४८० अमिनो आम्लांचे एक प्रथिन तयार होते आणि ते पेशीच्या पृष्ठभागावर क्लोराइड व बायकार्बोनेट यांच्या ये-जा करण्याची वाट म्हणून काम करते. ही वाट बंद पडली की श्वासमार्गातील स्राव घट्ट होतो, त्यात जंतू ठाण मांडतात आणि फुप्फुस हळूहळू खराब होत जाते. या जनुकात दोन हजारांहून अधिक बदल नोंदवले गेले आहेत. त्यांपैकी एफ५०८डेल हा सर्वांत अधिक आढळतो. त्यात ५०८ व्या स्थानावरील एकच अमिनो आम्ल गळालेले असते, त्यामुळे प्रथिनाची घडी नीट बसत नाही आणि पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच पेशी ते नष्ट करते.

सीएफटीआर मॉड्युलेटर या गटातील औषधे जनुकाला हातही लावत नाहीत. त्यांतील काही औषधे प्रथिनाची घडी सुधारून त्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचू देतात, तर काही तिथे पोहोचलेल्या प्रथिनाचे दार अधिक काळ उघडे ठेवतात. आयव्हाकाफ्टर हे दार उघडे ठेवणारे औषध २०१२ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले, आणि एलेक्साकाफ्टर, टेझाकाफ्टर व आयव्हाकाफ्टर ही तीन औषधांची संयुक्त गोळी २०१९ मध्ये आली. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून; त्यांपैकी एकाच प्रतीत एफ५०८डेल असलेल्या रुग्णांवरील चाचणीत, जोराने उच्छ्वास सोडताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचे अपेक्षित मूल्याशी असलेले प्रमाण, प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली दिखाऊ गोळी, घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे १४ टक्के-बिंदूंनी वाढले. या विकारात वाढलेले असणारे घामातील क्लोराइडही मोठ्या प्रमाणात उतरले. पुढे ज्या कोणत्याही उपचाराची चर्चा होईल, त्याची तुलना या १४ च्या आकड्याशी करावी, कारण मूळ दोषावर काम करणाऱ्या उपचाराकडून काय अपेक्षा ठेवता येते याचे मोजमाप त्याने घालून दिले आहे.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. गोळी रोज आणि आयुष्यभर घ्यावी लागते. थांबवली की काही दिवसांतच परिणाम ओसरू लागतो. यकृताच्या चाचण्या नियमित कराव्या लागतात, कारण क्वचित गंभीर इजा झाल्याची नोंद आहे, आणि काही रुग्णांमध्ये झोप व मनःस्थिती यांवर परिणाम दिसला आहे. क्षयरोगावरील रिफाम्पिसिनमुळे या औषधांची रक्तातील पातळी घसरते, तर बुरशीवरील काही औषधांमुळे ती वाढते. सर्वांत मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे : ज्यांच्या दोन्ही प्रतींतील बदलामुळे प्रथिन तयारच होत नाही, त्यांच्या बाबतीत सुधारायला काही उरलेलेच नसते. युरोप आणि उत्तर अमेरिकेत असे रुग्ण अल्पसंख्य आहेत. जिथे एफ५०८डेलचे प्रमाण कमी आहे अशा लोकसमूहांत त्यांचा वाटा मोठा असतो. म्हणून दोन्ही प्रतींतील बदल नेमके कोणते, हे सांगणारा जनुकीय अहवाल हाती येईपर्यंत कोणताही निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

जनुकाची भर : कल्पना सोपी, वाट अवघड

सदोष जनुकाच्या जोडीला निरोगी प्रत पोहोचवायची, ही कल्पना बदल कोणताही असला तरी लागू पडते आणि हेच तिचे मोठे बळ आहे. १९९३ पासून एडिनोविषाणूचा वाहक, म्हणजे जनुक पेशीपर्यंत नेणारे साधन म्हणून, वापर करून माणसांवर चाचण्या सुरू झाल्या. तीन दशकांनंतरही सिस्टिक फायब्रोसिससाठी असा एकही उपचार मंजूर झालेला नाही, आणि याची कारणे फुप्फुसाच्या रचनेतच आहेत. फुप्फुस श्वासातून आलेला परका कण अडवण्यासाठीच घडलेले असते : घट्ट स्राव वाहकाला अडकवतो, सिलिया नावाचे सूक्ष्म तंतू त्याला बाहेर ढकलतात, पेशीत शिरण्यासाठी अनेक विषाणूंना लागणारे ग्राहक रेणू पेशीच्या हवेकडील बाजूऐवजी खालच्या बाजूला दडलेले असतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा वाहक ओळखून पुढचा डोस निष्प्रभ करते. शिवाय पृष्ठभागावरील पेशी कालांतराने झडून नव्या येतात, त्यामुळे खालच्या थरातील मूळ पेशींपर्यंत जनुक पोहोचले नाही, तर मिळालेला लाभ त्या पेशींबरोबरच जातो.

यातही दोन वाटा आहेत आणि निर्णय घेणाऱ्याने त्यांतील फरक समजून घेतलाच पाहिजे. विषाणूविना वाहक वापरणाऱ्या चाचणीचे उत्तम उदाहरण ब्रिटनमधील आहे. तिथे मेदाच्या सूक्ष्म कणांत गुंडाळलेले जनुक नेब्युलायझरमधून महिन्यातून एकदा, असे वर्षभर देण्यात आले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उच्छ्वासाच्या याच मोजमापात उपचार घेणाऱ्यांचे आणि प्लासिबो घेणाऱ्यांचे अंतर ३.७ टक्के इतके होते, आणि तेही मुख्यतः घसरण थांबल्यामुळे दिसले. पुन्हा पुन्हा डोस देता येतो आणि परिणाम मोजता येतो, हे या चाचणीने दाखवून दिले. मात्र गोळीच्या १४ टक्के-बिंदूंपुढे हा लाभ फारच लहान ठरतो.

दुसरी वाट विषाणूंची. एडिनो-संलग्न विषाणू, म्हणजे एएव्ही, तुलनेने सुरक्षित मानला जातो, परंतु त्यात डीएनएची सुमारे ४७०० अक्षरेच मावतात आणि सीएफटीआरचा प्रथिन घडवणारा भागच सुमारे ४४०० अक्षरांचा आहे. जनुक चालू करणारी कळ बसवायला जेमतेम जागा उरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकदा एएव्ही दिला की शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, आणि त्यामुळे पुढे येणाऱ्या अधिक चांगल्या एएव्ही उपचाराचे दार बंद होऊ शकते. गोळी आवडली नाही तर थांबवता येते. हा डोस परत घेता येत नाही. ज्याला गोळी लागू पडते, त्याने सुरुवातीच्या टप्प्यातील एएव्ही चाचणीसाठी घाई करू नये, असे मला वाटते ते याच कारणाने. गोळी लागू न पडणाऱ्याचा हिशोब अर्थातच निराळा आहे, कारण त्याच्यासाठी थांबण्याचीही किंमत असते आणि ती फुप्फुसाला मोजावी लागते.

लेंटिविषाणू पेशीच्या स्वतःच्या डीएनएत जनुक जोडतो, म्हणून परिणाम अधिक टिकण्याची आशा असते. परंतु जनुक नेमके कुठे जोडले जाईल यावर पूर्ण ताबा नसतो. फ्रान्समध्ये एका गंभीर प्रतिकारदोषावर जुन्या रेट्रोविषाणूने उपचार झालेल्या काही मुलांना पुढे रक्ताचा कर्करोग झाला होता. आजचे वाहक त्या अनुभवानंतर बदलले गेले आहेत. तरीही संमतिपत्रातील हा परिच्छेद घाईने वाचण्याचा नाही.

संदेशवाहक आरएनए, म्हणजे प्रथिन घडवण्याच्या सूचनेची तात्पुरती नक्कल, श्वासावाटे देण्याचा पर्याय गोळी आणि जनुकाची भर या दोहोंच्या मधला आहे. तो डीएनएला स्पर्श करत नाही आणि काही दिवसांत विरून जातो, त्यामुळे धोका कमी, पण डोस वारंवार. अशा पहिल्या उमेदवार औषधांपैकी एकाच्या चाचणीत २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कार्यक्षमतेत स्पष्ट वाढ दिसली नव्हती. तरीही, गोळी लागू न पडणाऱ्यांसाठी पुढचे दार उघडे ठेवणारी वाट म्हणून मी तिला एएव्हीच्या वर ठेवेन.

अल्फा-१ : फुप्फुसाचा विकार, पण दोष यकृतात

इथे चित्र पुष्कळ बदलते. स्वीडनमध्ये १९६३ मध्ये वर्णन झालेल्या या विकारात न्यूट्रोफिल पेशींच्या विकरापासून फुप्फुसाचे रक्षण करणारे प्रथिन कमी पडते. ते मुख्यतः यकृतात तयार होते. झेड नावाच्या बदलामुळे प्रथिनाचे रेणू एकमेकांत अडकून यकृतातच साचतात, त्यामुळे फुप्फुस उघडे पडते आणि यकृतालाही इजा होऊ शकते. शिरेतून दिलेला, उपचार वाहून नेणारा मेदकण सहजपणे यकृतात जातो, म्हणून फुप्फुसात शिरण्याची सगळी अडचण इथे टाळता येते.

मंजूर उपचार म्हणजे दात्यांच्या प्लाझ्मामधून काढलेले प्रथिन दर आठवड्याला शिरेतून देणे. नेहमीचा डोस शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ६० मिलिग्रॅम असतो. हा उपचार १९८७ पासून वापरात आहे. सीटी स्कॅनवर फुप्फुसाच्या ऊतींचा ऱ्हास मंदावल्याचे त्यातून दिसले आहे, श्वासाच्या चाचणीतील लाभ मात्र ठळकपणे सिद्ध झालेला नाही, आणि यकृताला त्याचा काहीच उपयोग होत नाही. याउलट डीएनएतील एकच अक्षर बदलणारी ‘बेस एडिटिंग’ पद्धत मूळ चूकच दुरुस्त करते : सदोष प्रथिन घटते आणि योग्य प्रथिन वाढते. बीम-३०२ या अशा उमेदवार औषधाच्या २०२५ मधील पहिल्या निष्कर्षांत ६० मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर रक्तातील प्रथिनाची सरासरी पातळी १२.४ मायक्रोमोलर (रक्तातील प्रमाण मोजण्याचे एकक) झाली. संरक्षक मानली जाणारी मर्यादा ११ आहे. रुग्ण थोडे होते आणि काळही थोडा होता, तरी मला हा निकाल या संपूर्ण क्षेत्रातील सर्वांत आशादायक वाटतो. आरएनए दुरुस्त करणारी दुसरी पद्धत तेच काम तात्पुरते करते. डोस पुन्हा घ्यावे लागतात, पण थांबण्याची मोकळीक राहते. यकृताला आधीच इजा झालेली असेल, तर प्लाझ्मा-उपचारापेक्षा दुरुस्तीच्या चाचणीकडे झुकणे सयुक्तिक आहे. धूम्रपान चालू असेल, तर मात्र या तुलनेला अर्थ उरत नाही, कारण त्याने होणारी हानी यांपैकी कोणताही उपचार भरून काढू शकत नाही.

जिथे निवड अजून अरुंद आहे

सिलियांच्या जन्मजात दोषाला पन्नासहून अधिक जनुके कारणीभूत असू शकतात आणि त्यांपैकी डीएनएएच५ सारखी काही इतकी लांब आहेत की एएव्हीत मावतच नाहीत. तिथे आज तरी स्राव बाहेर काढण्याचे व्यायाम आणि संसर्गावर वेळेवर उपचार हाच मुख्य आधार आहे. फुप्फुसाच्या वायुकोशांना मिटू न देणाऱ्या सर्फॅक्टंटमधील प्रथिन-बी पूर्णपणे नसलेल्या नवजात बाळांसाठी फुप्फुस प्रत्यारोपण हाच खरा पर्याय राहतो.

चाचणीला होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न वरच्या तुलनेतूनच निघतात. रक्तात या वाहकाविरुद्ध प्रतिपिंडे आधीपासून आहेत का? चालू औषध बंद करावे लागेल का, आणि किती काळ? ही चाचणी सुरक्षिततेची आहे की परिणामकारकतेची, आणि प्लासिबो मिळण्याची शक्यता किती? या चाचणीनंतर दुसऱ्या कोणत्या चाचण्यांचे दार बंद होईल? आणि पुढची तपासणी किती वर्षे चालेल, हेही विचारावे : डीएनएत कायमचा बदल करणाऱ्या उपचारांसाठी अमेरिकेची औषध नियामक संस्था पंधरा वर्षांपर्यंत पाठपुरावा करण्याची शिफारस करते, म्हणजे आज सात वर्षांच्या मुलासाठी आईवडील देत असलेली संमती ते मूल बावीस वर्षांचे होईपर्यंत त्याच्याबरोबर चालणार आहे.